कासवाच्या काखेतली जळू

मी ती जळू पाहिली होती. एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला चार वर्षं लागली. आता लिहिताना पुन्हा मागेपुढे होऊ नये म्हणून ते सगळ्यात आधी लिहून टाकलं.

मी खंडाळ्याजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. वर्गात जेवढं बोलतो तेवढंच माझं बोलणं. घरी आलो की पायतणाबरोबर जीभही दाराशी काढून ठेवतो, असं बायको म्हणते. ते खरंच आहे. पण कमी बोलणं आणि लपवणं यात फरक असतो, तो मी बरीच वर्षं मुद्दाम पुसत आलो.

धाकटी बहीण सांगली जिल्ह्यात दिली आहे. गाव सोडून मळ्यात त्यांची वस्ती. दाजी कुपवाडला एका कारखान्यात लेथवर आहेत, रोज मोटारसायकलवरून जाऊन-येऊन करतात. घरात बहिणीच्या सासूबाई, त्यांना सगळे जिजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आणि भाची. तेव्हा ती आठ वर्षांची होती, पुढचे दोन दात नुकतेच आलेले. ते तिच्या तोंडाला जरा मोठेच वाटायचे. गावातल्या नळाचं पाणी वस्तीपर्यंत येत नाही. दाराशी विहीर आहे, तिच्यावरच सगळं. धुणं-भांडी, जनावरं, प्यायलाही तेच.

त्या उन्हाळ्यात त्यांनी विहिरीचा गाळ काढला. आमच्या भागात गाळ काढला की विहिरीत कासव सोडतात. ते किडे खातं, मेलेलं काही पडलं तर तेही खातं, पाणी नितळ ठेवतं असं म्हणतात. शिवाय देवळात देवापुढं असणारं जनावर, ते असलं की विहिरीला बरकत. त्यांचं जुनं कासव गाळाबरोबर गेलं की काय कुणास ठाऊक, सापडलं नाही. जिजींनी बहिणीला मलाच फोन लावायला लावला.

"मास्तर, तुमच्या कॅनॉलला कासवं घावत्यात म्हणं. आमच्या हिरीला एक आणा की. तुमच्या हातचं आसंल तर टिकंल."

कासव पकडणं, पाळणं हा गुन्हा आहे. हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो, वर्गाच्या भिंतीवर मुलांकडून तक्ता करून लावून घेतलाय. पण जिजींना नाही म्हणणं जमलं नाही. माझी बहीण त्यांनी लेकीसारखी सांभाळली होती. आणि खरं सांगायचं तर 'तुमच्या हातचं' या शब्दांनी मी फुशारलो होतो.

कॅनॉलच्या पाण्याची पाळी बंद झाली की तळाला डबकी उरतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मला एका डबक्यात कासव दिसलं. ताटलीएवढं, पाठ हिरवट-तपकिरी, हात लावल्यावर कातड्यासारखी लागणारी. बादलीत घालून घरी आणलं. मागच्या मोरीत ठेवलं तेव्हा त्यानं मान बाहेर काढली, आणि मानेच्या घडीत मला जळवा दिसल्या. भिजलेल्या मेथीदाण्यांएवढ्या, चिकटून बसलेल्या. पायांच्या मुळाशीही होत्या.

मला किळस आली नाही, उलट मी खूश झालो. कारण मला याचं उत्तर माहीत होतं. त्याच्या दोन वर्षं आधी शाळेची सहल कोकणात नेली होती. तिथं किनाऱ्यावर जाळ्यात अडकलेलं एक समुद्रकासव लोकांनी टाकीत ठेवून सांभाळलं होतं. त्याच्या मानेला, डोळ्यांच्या कडांना, वल्ह्यासारख्या पायांच्या आतल्या बाजूला जळवांचे झुबकेच्या झुबके लागले होते. सांभाळणारा माणूस म्हणाला, "ह्या समुद्राच्या जळवा. गोड्या पाण्यात थोडा वेळ ठेवला की आपोआप गळतात. त्यांना गोडं पाणी सोसत नाही." मी ते वहीत लिहून घेतलं होतं, परत आल्यावर वर्गात सांगितलंही होतं.

मग गोड्या पाण्यातल्या जळवांना खारं पाणी सोसणार नाही, असा मी उलटा हिशोब मांडला. टबात पाणी ओतलं, खडेमीठ टाकून ढवळलं, कासव आत सोडलं. खरंच जळवा आखडल्या, सुटल्या, तळाशी जाऊन पडल्या. बायकोला बोलावून दाखवलं. ती नाक धरून म्हणाली, "शी! नंतर तो टब घरात आणायचा नाही." मी हसलो. माझं विज्ञान चाललं होतं.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. मिठाचं पाणी लागताच कासवानं मान आत ओढून घेतली होती, पुढचे पाय घट्ट आवळले होते. या जातीच्या कासवाला मागच्या पायांवर कातड्याच्या झडपा असतात, त्याही बंद. म्हणजे जिथं जळवा सगळ्यात खोल बसतात, तिथंच माझं खारं पाणी पोचत नव्हतं. तासाभरानं मी त्याला बाहेर काढलं, साध्या पाण्यानं धुतलं आणि झालं स्वच्छ असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गाडीतून बादलीसकट घेऊन गेलो. वस्तीवर सगळी तयारी होती. जिजींनी ताटात हळदकुंकू ठेवलं होतं, नारळ होता. दाजींनी खास सुट्टी काढली होती आणि मोबाईलवर चित्रण चालू केलं होतं. भाची मधेमधे घुसून कासवाच्या पाठीला बोट लावून पाहत होती. तिच्या आईनं दोनदा मागं ओढलं, ती तिसऱ्यांदा आली. जिजींनी कासवाच्या पाठीला हळदकुंकू लावलं, हात जोडले. मी पायऱ्या उतरून पाण्याशी गेलो आणि कासव दोन्ही हातांनी पाण्यावर धरलं.

पाणी दिसताच त्यानं पाय ताणले. उजव्या पुढच्या पायाच्या काखेत एक जळू होती. काळपट हिरवी, करंगळीच्या पेरापेक्षा मोठी. तिच्या पोटाखाली दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी, तिची पिल्लंच, वळवळत होतं. मी अंगठ्यानं खरवडली. ती रबरासारखी ताणली आणि परत चिकटली.

'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. वर मोबाईल चालू होता. जिजींचे हात जोडलेले. मनात आलं, विज्ञानाचा मास्तर असून रोगट जनावर आणलं म्हणतील. आणलंय ते धुऊन आणलंय असं मी येताच सगळ्यांना सांगून बसलो होतो.

"सोडा की मास्तर," वरून दाजी ओरडले, "का लगीन लावून धाडायचंय त्याला?"

सगळे हसले. मीही हसलो आणि हात सोडले.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर बहिणीचा फोन आला. "दादा, पोरीचा घोळणा फुटलाय. सकाळपासनं दोनदा."

"उष्णतेनं होतं," मी म्हणालो. "डोक्यावर गार पाणी थाप, कांदा फोडून हुंगव."

आठवड्यानं पुन्हा फोन. पाऊस सुरू झाला होता, हवा गार झाली होती, तरी रक्त थांबत नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी कापसाचा बोळा दिला, गोळ्या दिल्या. डेंग्यूची तपासणी केली, ती नीट आली. तिसऱ्या फोनला बहीण म्हणाली, "एकाच नाकपुडीतनं येतंय दादा, उजव्या. आन् पोरगी पांढरी पडत चाललीय."

एकाच नाकपुडीतून, हे ऐकलं आणि मला कासवाच्या काखेतली जळू आठवली. मोबाईल कानाला तसाच धरून मी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा होतो. ती पुढं काय बोलली ते मला आठवत नाही. त्या दिवशी मी जळवांबद्दल वाचत बसलो. काही जळवा विहिरी-ओढ्यांच्या पाण्यात अगदी बारीक असताना पाणी पिताना नाकात शिरतात आणि आत राहून मोठ्या होतात. जनावरांना होतं, कधीकधी माणसांनाही. हेही वाचलं की कासवावरच्या जळवा बहुतेक कासवालाच धरून राहतात, माणसाच्या वाटेला फारशा जात नाहीत. मी त्या दुसऱ्या वाक्याला धरून बसलो. दिवसातून पाच-सहा वेळा ते उघडून वाचायचो. दर वेळी थोडं बरं वाटायचं, आणि लगेच काखेतली ती हिरवट लांब वस्तू डोळ्यांपुढं यायची.

मी फोन केला नाही. उद्या करू, परवा करू. कदाचित उद्यापर्यंत थांबेल रक्त. कदाचित साधा घोळणाच असेल.

जुलैत तिला मिरजेला दाखल केलं. मी रजा टाकून गेलो. भाची खाटेवर बसली होती. ओठ, नखं, पापण्यांच्या आतली बाजू, सगळं कागदासारखं. मला बघून हसली आणि ते मोठे दोन दात दिसले. त्या हसण्याची मला भीती वाटली. तोंडात दातांशिवाय दुसरा रंगच नव्हता, आणि तो रंगही पांढराच.

वॉर्डात येणारा प्रत्येक नातेवाईक दाराबाहेर बहिणीला बाजूला घेऊन दबक्या आवाजात बोलायचा. कुणाच्या तरी पुतण्याला असंच झालं होतं, रक्ताचा कॅन्सर निघाला. कुणाच्या शेजाऱ्याच्या मुलीला असंच. बहीण ऐकून घ्यायची, पदर तोंडाला लावायची, मग डोळे पुसून आत यायची आणि लेकीला म्हणायची, "काय न्हाई, ते तुला फळं आणणार हायत."

डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी दाजींना विचारलं, "घरी पिण्याचं पाणी कुठलं?"

"हिरीचं, सायेब. लय चांगलं पाणी हाय. आता उन्हाळ्यातच गाळ काढला आन् कास..."

मी दाजींचा दंड दाबला. ते थांबले. डॉक्टरांनी वर पाहिलं. मी म्हणालो, "विहिरीचंच. स्वच्छ आहे."

डॉक्टर लिहून पुढं गेले. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "काय झालं?"

"कासवाचं बोलू नका दाजी. जंगल खात्याचं लफडं होईल. माझी नोकरी आहे."

"आरं तिच्या," दाजी म्हणाले, "माज्या ध्यानातच न्हाई आलं. बरं केलंसा."

ते इतक्या सहज म्हणाले की मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. कायद्याची भीती मला होतीच, ती खोटी नव्हती. पण दाजींचा दंड मी त्या भीतीपोटी दाबला नव्हता. डॉक्टर एकदा कासवापर्यंत पोचले असते तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता.

दुपारी बहीण अंघोळीला म्हणून एका नातेवाइकांकडे गेली. दाजी औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन खाली गेले होते. मी भाचीजवळ होतो. ती बराच वेळ छताकडं बघत पडली होती. मग म्हणाली, "मामा, नाकात काय तर चालतंय."

"काय चालतंय?"

"म्हाईत न्हाई. हळूहळू. मग थांबतंय. पाणी प्यायला लागले की खाली येतंय."

वर पंखा फिरत होता, तरी माझा सदरा पाठीला चिकटला.

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. ती म्हणली, रक्ताची गाठ आसंल."

"हां," मी म्हणालो. "गाठच असेल. नीज तू."

तिनं डोळे मिटले. ती झोपली नव्हती, पापण्या हलत होत्या. मी तिच्या उजव्या नाकपुडीकडं बघत बसलो. काहीही दिसत नव्हतं. दिसावं असं वाटत होतं आणि दिसू नये असंही. त्या वेळी नर्सचं टेबल माझ्यापासून दहा पावलांवर होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाडातल्या मगजाची तपासणी ठरवली. कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला रस काढतात, त्यावरून कॅन्सर आहे का ते कळतं. सही दाजींनी केली. आई आत नको, डॉक्टर म्हणाले, ती घाबरली तर पोर जास्त घाबरेल. कोणी तरी पाय धरायला हवं होतं. मी गेलो.

भूल जागेपुरती दिली होती. तरी आत सुई गेल्यावर ती ओरडली. आईला नाही, मला हाका मारत होती. "मामा, नको, मामा, सांग की त्यांना." मी तिचे दोन्ही घोटे धरून ठेवले होते. माझ्या हाताच्या मुठीत मावणारे घोटे. मी म्हणत होतो, झालं, झालं, बाळा, आता झालं. डॉक्टरांच्या कपाळावरही घाम होता. मला वाटत होतं की आता बोलावं, आताच, सुई बाहेर काढा म्हणावं. माझं तोंड दुसरेच शब्द बोलत राहिलं.

बाहेर आलो तेव्हा बहीण भिंतीला टेकून उभी होती. ती माझ्या हातांकडं बघत राहिली.

आणि मग मी डॉक्टरांना गाठलं. म्हणालो, "साहेब, मी विज्ञान शिकवतो. एक शंका आहे. पोरगी विहिरीचं पाणी पिते, न गाळता. नाकात काहीतरी चालतंय म्हणते. जळू असू शकेल का?"

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. तिनं पाणी पिताना काहीतरी खाली येतं असं सांगितलंय, हेही मी सांगितलं. कासवाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्या बाईंनी आधी नाकासमोर गार पाण्याचं भांडं धरायला लावलं, नळीतून उजेड आत टाकला आणि बघत बसल्या. बराच वेळ काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, "थांबा. हलू नकोस गं सोन्या." औषधाचा फवारा मारला, चिमटा आत घातला, आणि जळू ओढून बाहेर काढली. करंगळीएवढी होती, स्टीलच्या ट्रेमध्ये पडून आकसली आणि ताणली.

बहिणीनं किंकाळी फोडली. भाची मात्र कुतूहलानं बघत होती. "ही माज्या नाकात हुती?" तिनं विचारलं, आणि मग रडायला लागली.

त्या दिवसापासून मी देवमाणूस झालो. डॉक्टर म्हणाले, सरांनी सांगितलं म्हणून सुचलं. दाजींनी सगळ्या वॉर्डासमोर माझे पाय धरायचा प्रयत्न केला. तपासणीत कॅन्सर नाही असं आलं. रक्ताची एक पिशवी चढवली, पोर आठ दिवसांत घरी आली. भाऊबीजेला मला ओवाळताना बहिणीचे डोळे भरून आले. मी ताटात ओवाळणी टाकली आणि पाटावर बसून राहिलो.

जळू कुठून आली, हे कुणीतरी विचारणारच होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हे खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. विहिरीतून, ओढ्यातून, जनावरांच्या हौदातून, कुठूनही. कदाचित ती माझ्या कासवाची नव्हतीही. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय. त्यानं काही फरक पडत नाही. कारण मला ठाऊक होतं ते मी वेळेत सांगितलं असतं, तर ती सुई तिच्या हाडात गेली नसती.

बहिणीला मात्र कुणाचं तरी नाव हवं होतं, आणि ते तिला जिजींमध्ये सापडलं. पोरगी शाळेतून आली की जिजी विहिरीतून ताजी बादली ओढायच्या आणि तांब्यानं तिच्या ओंजळीत पाणी ओतायच्या. फडक्यानं गाळायच्या नाहीत. "जित्या पाण्याला कशाला गाळायचं," म्हणायच्या. ते सगळ्यांना माहीत होतं. बहीण दवाखान्यातून घरी आल्या दिवशीच सगळ्यांसमोर म्हणाली, "आजपासनं माज्या लेकीला तुमी पाणी द्यायचं न्हाई." मी तिथंच होतो, माझ्या हातात चहाचा कप होता.

विहिरीत जंतुनाशक पावडर टाकली, त्याआधी दाजींनी कासव काढून नदीत नेऊन सोडलं. मी म्हणालो, बरं केलं.

चार वर्षं झाली. भाची आता बारा वर्षांची आहे. वस्तीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलंय. जिजींना ऐकू कमी येतं, त्या बाहेरच्या खोलीत असतात. गेल्या महिन्यात मी गेलो, ऊन तापलेलं होतं. बहीण मागं कपडे वाळत घालत होती. जिजी मला बघून उठल्या, तांब्या घेतला, भांडं घेतलं, पाणी ओतायला लागल्या. आणि मधेच थांबल्या.

"न्हाई, थांबा मास्तर. सूनबाई देतीया. माज्या हातचं नको."

त्यांनी ते साधेपणानं म्हटलं, तक्रार नव्हती. तांब्या खाली ठेवला आणि पदराला हात पुसले.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि बहीण आल्यावर सांगितलं. सगळं, मिठाच्या पाण्यापासून. मोडत-तोडत. दाजींचा दंड दाबल्याचंही. ती ओट्याशी पाठ करून उभी होती. माझं बोलणं संपलं तरी तिनं तोंड फिरवलं नाही.

"सुई टोचली तवा तुला म्हाईत हुतं?"

"वाटत होतं."

"वाटत हुतं का म्हाईत हुतं, दादा?"

"माहीत होतं."

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ती हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं. ती माझ्या अंगावरून बाहेर गेली, जिजींच्या खोलीत.

"जिजी! ते पाणी तुमचं न्हवतं!"

"काय?"

"पोरीच्या नाकातलं! दादानं आणलेल्या कासवाला जळवा हुत्या! त्यानं बघितल्या हुत्या!"

"कासवाला काय?"

"जळवा! जळवा हुत्या कासवाला! तुमी न्हाई केलं! त्यो बोलला न्हाई कुणाला!"

तिला प्रत्येक वाक्य दोनदा, तीनदा ओरडावं लागत होतं. पलीकडच्या वस्तीवर गवत कापणाऱ्या बायका सरळ उभ्या राहून इकडं बघायला लागल्या. मी दारात उभा होतो.

जिजींना शेवटी समजलं. मग सुनेकडं बघत म्हणाल्या, "चार वरसं गं, बाई." माझ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही.

बहीण त्यांच्यापुढं जमिनीवर बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली.

आरडाओरडा ऐकून भाची आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती विचारेल, का केलंस. तिनं तसं काही विचारलं नाही. तिचा हात हळूच नाकाकडं गेला.

"मामा, म्हणजे कासवावर लय हुत्या?"

"हो."

"मग माज्या नाकात एकच कशी? आजून आसल का आत?"

"नाही गं. डॉक्टरांनी नळीनं बघितलं होतं. एकच होती. चार वर्षं झाली, असती तर रक्त आलं असतं."

मी बरोबर सांगत होतो. शास्त्राला धरून, शब्दन् शब्द खरा. ती माझ्याकडं बघत होती आणि मला दिसत होतं की तिला ते खरं वाटत नाहीये. तिचं बोट नाकपुडीवरच होतं. चेहरा हळूहळू त्या वॉर्डातल्यासारखा व्हायला लागला.

"तवा बी तू गाठच म्हणला हुतास," ती म्हणाली.

बहिणीनं डोकं वर केलं. "उद्या मिरजेला जाऊन दावून येऊ," ती लेकीला म्हणाली. "भिऊ नको."

"मी पण येतो," मी म्हणालो.

"तू नको."

मी त्याच पावली निघालो. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, चार तास घेतले, काय शिकवलं ते आठवत नाही. नाकात काहीही असणं शक्य नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी दर तासाला मी मोबाईल बघत होतो आणि माझा सदरा पाठीला चिकटलेला होता. दुपारी तीनच्या सुमाराला दाजींचा फोन आला.

"काई न्हाई," ते म्हणाले. "साफ हाय म्हणले."

"बरं झालं."

"जिजी बी आली हुती संगं. मोटारीत बसल्यापासनं पोरीचा हात सोडला न्हाई तिनं."

मागं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या दिवशी तुमी माजा दंड दाबला. मी मोप येळा मनाशी म्हणलं, बरं झालं मास्तरांनी आवरलं."

"दाजी..."

"ठेवतो आता," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.